सोलर पंप बसवताना व्होल्टेज दाखवलं, करंट लपवला

आमचा सोलर पंप बसवला तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता, बोअरला पाणी बरंच वर होतं. स्विच टाकताच जोरात धार पडली. बसवणाऱ्यांनी फोटो काढले आणि गेले. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि रडगाणं सुरू झालं. कंट्रोलरवर, म्हणजे पंपाचा वेग सांभाळणाऱ्या डब्यावर, ४० हर्ट्झ (हर्ट्झ जितके जास्त तितका मोटरीचा वेग जास्त), मोटरीचा आवाज येतोय, पण पाइप कोरडा. तक्रार केली की ठरलेलं उत्तर: "ऊन कमी पडतंय." भर उन्हाळ्यात!

पंपाचा वेग घटला की हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, त्याहून झपाट्याने पडतं, वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने. ५० हर्ट्झला ७० मीटर चढवणारा पंप ४० हर्ट्झला जेमतेम ४५ मीटर चढवतो. पॅनेलमध्येच दम नसेल तर कंट्रोलर वेग वाढवणार कुठून?

बसवताना त्यांनी मीटर लावून एकेका पॅनेलचं व्होल्टेज दाखवलं होतं, लेबलशी जुळवूनही दिलं होतं. मेख तिथेच आहे. थकलेलं पॅनेलसुद्धा लोड नसताना बहुतेक वेळा जवळपास पूर्ण व्होल्टेज दाखवतं, अगदी ढगाळ हवेतही. खोट कळते ती करंटमध्ये. लेबलवरचा आकडा १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि २५ अंश सेल तापमानाचा असतो, म्हणून शेतात थोडाफार फरक पडणारच. पण पॅनेल स्वच्छ, समोर कडक ऊन आणि शॉर्ट सर्किट करंट (पॅनेलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा करंट) निम्मा, हे उन्हाचं काम नव्हे. आणि सीरिजमधलं, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेल्यांतलं, एक कमजोर पॅनेल बाकीच्यांनाही मागे ओढतं. हे मोजायला डीसी क्लॅम्प मीटर लागतो, बरेच साधे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. मोजणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर डीसीचा आर्क, म्हणजे सलग पेटती ठिणगी, लवकर तुटत नाही, हात भाजतो.

मग पॅनेलच्या मागचा स्टिकर नखाने उचलून पाहिला. खाली दुसऱ्या स्टिकरच्या गोंदाचा चौकोन! काचेच्या आत दाबलेला बारकोड नंबर वेगळा, स्टिकरवरचा वेगळा. अर्थिंगची पट्टी मातीत वीतभर गेलेली, पुढे रॉडच नाही. मला पॅनेलपेक्षा याचाच राग जास्त आहे, तिथे माणूस मरू शकतो.

"सामान मिळाल्याची सही द्या" म्हणून वडिलांकडून घेतलेल्या कागदावर खाली बारीक अक्षरात "चाचणीसह काम समाधानकारक पूर्ण" असं छापलेलं होतं. तपासणीला आलेल्याने कंट्रोलरचा डबासुद्धा उघडला नाही. आता तोच कागद आमच्यापुढे नाचवतात.

तुम्ही बसवणार असाल तर पॅनेल गाडीतून उतरतानाच काचेतल्या नंबरांचे फोटो काढून बिलाशी ताडून घ्या. पंपाच्या तक्त्यात उन्हाळ्यातल्या पाणीपातळीचं हेड बघा, आजच्या पातळीचं नको. करंटचे आकडे कागदावर लिहून मिळेपर्यंत शेवटचा हप्ता अडवून ठेवा.