लग्नाची डीव्हीडी रेंगाळतेय: नवा ड्राइव्ह घ्यावा की इमेज काढावी?

कपाटातली लग्नाची डीव्हीडी संगणकात घातली, फाइली हार्ड डिस्कवर ओढल्या आणि हिरवी पट्टी मध्येच थबकली, तर लगेच खरेदीला धावू नका. त्याच ड्राइव्हमध्ये चरे नसलेली दुसरी डीव्हीडी घालून बघा. 8 एक्सच्या ड्राइव्हवरून भरलेली 4.7 जीबीची डीव्हीडी दहा-बारा मिनिटांत उतरायला हवी. 1 एक्स म्हणजे सेकंदाला जेमतेम 1.4 एमबी; त्या गतीने तासभर जातो. वाचन आतून बाहेर होतं आणि आतल्या भागात वेग कमीच असतो, तेव्हा पहिल्या काही मिनिटांवरून निकाल देऊ नका.

दुसरीही रेंगाळली तर दोष ड्राइव्हचा किंवा जोडणीचा. रुंद पट्टीची आयडीई केबल असलेला विंडोज एक्सपीचा जुना डेस्कटॉप असेल, तर फुकटचा उपाय आधी करा. वाचताना वारंवार चुका आल्या की एक्सपी ड्राइव्हला डीएमए या वेगवान मोडवरून पीआयओ या संथ मोडवर उतरवतं आणि आपणहून परत वर चढवत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून संगणक पुन्हा सुरू केला की बहुतेकदा गाडी रुळावर येते. लॅपटॉपचा ड्राइव्ह थकला असेल तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह सरळ घ्यावा. यूएसबी 3साठी जादा पैसे मोजू नका. 8 एक्स म्हणजे सेकंदाला फार तर 11 एमबी, यूएसबी 2ला ते सहज पेलतं. मात्र तो हबमध्ये न लावता थेट पोर्टमध्ये लावा, हबवर वीज अपुरी पडू शकते.

एकच डीव्हीडी अडत असेल तर प्रश्न वेगळा, आणि खरी निवड इथे आहे. आधी ती मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. वाचनाची वाट गोल फिरते. त्याच दिशेने पडलेला चरा सलग माहिती खातो, त्या वाटेला आडवा चरा ड्राइव्हच्या चूकदुरुस्तीला बऱ्याचदा सावरता येतो.

मग विंडोज एक्सप्लोररमधून नेहमीची कॉपी की इमेज, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत? हजारो फोटो असतील तर कॉपीत प्रत्येक फाइलसाठी ड्राइव्हचं डोकं जागा शोधत फिरतं; इमेज सलग वाचली जाते, म्हणून धडधाकट डीव्हीडीवरही तीच लवकर होते. चरे असतील तर फरक आणखी मोठा. एक्सप्लोरर खराब जागेवर धडपडत राहतं आणि शेवटी ती फाइल सोडून देतं. विंडोजवर इमेजबर्न या प्रोग्रॅममध्ये वाचनाच्या चुका दुर्लक्षून पुढे जाण्याची सोय आहे. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू त्याहून सरस: आधी चांगला भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. तीच नोंद घेऊन डीव्हीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालता येते, आणि पहिल्याला न दिसलेले तुकडे दुसऱ्याला अनेकदा सापडतात. म्हणून ज्या डीव्हीडीची दुसरी प्रत घरात नाही, तिच्यासाठी मी दोन्ही करेन: इमेजही काढेन आणि शेजाऱ्यांचा ड्राइव्हही मागून आणेन. आजीचा आवाज त्या एकाच डीव्हीडीत असतो.

व्हीसीडीचं, म्हणजे सीडीवर भरलेल्या व्हिडिओचं, गणित निराळं. तिच्या चित्रफितीला डेटा सीडीसारखी चूकदुरुस्तीची जादा तटबंदी नसते, त्यामुळे छोटा चराही कॉपी थांबवतो, आणि आयएसओ प्रकारची साधी इमेज तिथे चालत नाही. त्यासाठी आयसोबस्टरसारखं साधन वापरा.

इमेज पेन ड्राइव्हवर ठेवणार असाल तर तो फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही ना, हे आधी पाहा. 4 जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेत नाही, आणि भरलेल्या डीव्हीडीची इमेज त्याहून मोठी असते. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या.