बेळगावातली बिझनेस प्लॅन स्पर्धा: ६०० रुपये वसूल झाले का?

यंदा आम्ही तिघांनी ६०० रुपये फी भरून इथल्याच एका कॉलेजच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत भाग घेतला होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या दोन सरांशी आठवड्यातून एकदा तरी गोगटे सर्कलला गाठ पडतेच, आणि दुसऱ्या कॉलेजातली पोरं म्हणतात आमच्याकडे पण सेम आहे. पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातले तीन मेंटॉरिंगचे, उरलेला अर्धा जेवणाचा. फायनलच्या दिवसाला शून्य, ते का ते खाली येतंयच.

टीम म्हणजे मी, येळ्ळूरचा एक मित्र आणि बैलहोंगलची एक मैत्रीण, जिची कन्नड तर पक्की आहेच पण मराठी पण आम्हा दोघांपेक्षा शुद्ध आहे. आयडिया माझ्या मामांच्या बडबडीतून आलेली. मामा पंचवीस वर्षं उद्यमबागात, म्हणजे इथल्या इंडस्ट्रियल एरियात, फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) साचे करणारे मोल्डर, आणि घरी आले की पहिलं वाक्य ठरलेलं, आज परत पॅटर्न सापडला नाही. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा नमुना, त्याच्याभोवती वाळू ठोकायची, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. आतून पोकळ जॉब, म्हणजे ओतून काढायचा भाग, असेल तर आत ठेवायला वाळूचाच कोअर (गाभा) लागतो आणि तो करायला वेगळा कोअर बॉक्स. आता छोट्या फाउंड्रीच्या शेडमध्ये असे तीन-चारशे पॅटर्न एकावर एक रचलेले, त्यातल्या एकाची ऑर्डर आठ महिन्यांनी येते आणि मग दोन माणसं अर्धा दिवस तेच शोधत बसतात, पॅटर्न मिळाला तर कोअर बॉक्स मिळत नाही, आणि बेळगावचा पाऊस म्हटल्यावर लाकूड फुगलेलं असतं ते वेगळंच. फुगलेल्या पॅटर्नवर जॉब काढला की माप गेलं, मग मशीन शॉपवाल्याची बोलणी खा.

तर आमचा प्लॅन असा की एक कोरडं गोडाऊन घ्यायचं, सगळ्या फाउंड्र्यांचे पॅटर्न तिथं ठेवायचे, प्रत्येकाला क्यूआर कोडचं लेबल आणि दर पॅटर्नमागं महिन्याला भाडं. ऐकायला एकदम भारी वाटतं की नाही? आम्हाला पण वाटलेलं.

पहिली फेरी म्हणजे दोन पानी समरी आणि तो नऊ चौकोनांचा बिझनेस मॉडेल कॅनव्हास, ऑस्टरवाल्डर नावाच्या माणसाचा, आता सगळीकडे तोच चालतो. आम्ही तो आरपीडी क्रॉसजवळ चहा पीत पाऊण तासात भरला. कस्टमर सेगमेंटमध्ये काय लिहिलं होतं माहितीय, 'भारतातल्या सर्व फाउंड्र्या'. आज वाचलं की लाज वाटते. पण त्याच्यावर आम्ही सिलेक्ट झालो, म्हणजे पहिल्या फेरीत कागद वाचणारे किती वाचत असतील ते समजून घ्या.

मग मेंटॉरिंग. सगळे पैसे इथंच वसूल. प्रत्येक टीमला एक तास आणि एक माणूस, तोही प्राध्यापक नाही, धंद्यातला. आमच्या वाट्याला एक साठीतले काका आले, स्वतःचं मशीन शॉप आहे त्यांचं. त्यांनी आमचा कॅनव्हास हातात घेतला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "किती फाउंड्रीवाल्यांशी बोललासा?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय. मी म्हटलं, माझे मामा आहेत फाउंड्रीत.

"मामा भाडं देणार काय? मग इथं काय करुलालासा, जावा की उद्यमबागला. दहा जणांस्नी इचारा आणि मग या."

उरलेल्या पन्नास मिनिटांत त्यांनी काय विचारायचं आणि काय अजिबात विचारायचं नाही तेवढं सांगितलं. 'आमची आयडिया आवडली का' हे विचारायचंच नाही, समोरचा माणूस घरी आलेल्या पोराला नाही म्हणत नाही. विचारायचं ते हे, की शेवटचा पॅटर्न कधी हरवला, तेव्हा काय केलंत, किती पैसे गेले. एवढ्या एका गोष्टीसाठी मी परत ६०० भरीन.

पुढच्या फेरीला बारा दिवस होते. दोन अ‍ॅक्टिव्हा, अकरा फाउंड्र्या, त्यातल्या तीन ठिकाणी वॉचमननीच परत पाठवलं. पहिल्या मालकानं पाच मिनिटांत आमचं गोडाऊन पाडलं. म्हणाले, "बाळा, पॅटर्न माझा न्हवं, पार्टीचा हाय. मी तो दुसऱ्याच्या गोडाऊनात कसा ठेवू?" आणि बाजूच्या रॅकवर त्यांच्याच कॉम्पिटिटरचा पॅटर्न असणार, कुणाकडं कुणाची ऑर्डर आहे हे उघड्यावर येणार, ते वेगळंच. हे आम्हाला कुठल्याच चौकोनात सुचलं नव्हतं.

आणि चौथ्या ठिकाणी जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मालक म्हणाले बोलणं बास, एक रॅक लावून दाखवा. शनिवारी दुपारी आम्ही तिघं त्या शेडमध्ये, नाकातोंडात काळी वाळू, वर पत्रा तापलेला. खालच्या कप्प्यात गोणपाटं कोंबलेली होती, ती ओढली तर मागं एक कोअर बॉक्स, वर खडूनं लिहिलेला नंबर अजून वाचता येत होता. येळ्ळूरच्यानं नंबर मोठ्यानं वाचला आणि तिथला मिस्त्री एकदम गप्प झाला. मालकांनी येऊन तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. हाच बॉक्स हरवला म्हणून त्यांनी दिवाळीआधी नऊ हजार देऊन नवीन करून घेतला होता. कुणी काही बोललं नाही, मालकांनी फक्त पोराला हाक मारली आणि पाच चहा सांगितले. त्या चहातच आमचा प्लॅन बदलला, गोडाऊन कॅन्सल, आम्हीच शेडमध्ये जाणार, रॅक लावणार, लेबल, फोटो, यादी, आणि वर्षातून दोनदा फेरी, एक पावसाळ्याच्या आधी आणि एक नंतर.

आता फायनल. पत्रिकेत साडेनऊ लिहिलेलं, सुरू झालं पावणेबाराला कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. मग दीपप्रज्वलन, मग फेटे, मग शाल, मग कॉलेजच्या प्रगतीचा व्हिडिओ. या सगळ्यात वेळ गेला म्हणून टीमला आठ मिनिटांऐवजी पाच मिनिटं दिली! बारा दिवस उद्यमबागात फिरून आणलेलं पाच मिनिटांत कोंबायचं, तेही अशा प्रोजेक्टरवर ज्याच्यात सगळं पिवळं दिसतं, आमच्या स्लाइडवरचा लाल आणि केशरी रंग एकच दिसत होता.

सगळ्यात जास्त राग आला तो इंग्रजीच्या सक्तीचा. प्रेझेंटेशन इंग्रजीत हवं हे मला पटतं, हुबळी, गोवा, कोल्हापूरकडनं टीम आल्या होत्या, एक कॉमन भाषा लागणारच. पण प्रश्नोत्तरं तरी मोकळी ठेवा ना. आमचा येळ्ळूरचा मित्र उद्यमबागात एकेका मालकाला दहा मिनिटांत खिशात घालणारा माणूस, तो स्टेजवर "पॅटर्न इज... म्हणजे..." करत अडकला आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. आणि मजा बघा, हेच परीक्षक व्हॉलंटियरला कन्नडमध्ये झापत होते, चहा मराठीत मागत होते आणि आपापसात हिंदीत बोलत होते. इंग्रजी फक्त आम्हालाच.

चार परीक्षकांपैकी एक बेंगळुरूचे, त्यांचा एकच प्रश्न सगळ्यांना, हे स्केल कसं होणार आणि यात एआय कुठंय. आमच्या मैत्रिणीनं शांतपणे सांगितलं की सर, यात झाडू आहे आणि खडू आहे. हॉलमध्ये हशा पिकला, मार्क काही पिकले नाहीत.

पहिला नंबर मात्र योग्य टीमला गेला, हे मान्य करायला पाहिजे. निपाणीकडची टीम, दोन मुली आणि एक मुलगा, गुऱ्हाळासाठी कढईतल्या पाकाचं तापमान बघून बझर वाजवणारं यंत्र. गुळव्याला पाक कधी उतरवायचा ते नजरेनं आणि हातानं कळतं, पण चांगले गुळवे आता मिळत नाहीत ही त्या भागातली खरी अडचण. त्यांनी शेवटची स्लाइड दाखवलीच नाही, सरळ बिलबुक काढून टेबलावर ठेवलं, चार गुऱ्हाळांना विकलेलं. बेंगळुरूचे सर एआय विसरले. दुसऱ्या नंबरला एक अ‍ॅप होतं, ते नेमकं काय करतं हे मला अजून कळलेलं नाही. आम्हाला 'बेस्ट लोकल आयडिया' अशी ट्रॉफी मिळाली, तिचा वरचा स्टार बसमध्येच निखळला.

पहिल्या बक्षिसाचे ५०,००० रुपये, फोटोसाठी पुठ्ठ्याचा भलामोठा चेक. त्या टीमशी आता फोनवर बोलणं असतं, दोन महिने झाले तरी त्यांच्याकडं अजून पुठ्ठाच आहे. 'इन्क्युबेशन सपोर्ट' म्हणून जे जाहीर केलं ती एक खोली, एक टेबल आणि पाच वाजता कुलूप.

खरं तर असल्या स्पर्धेतून पुढं पैसे कुठं मिळतात ते सांगायला हवं होतं, ते कुणी सांगितलंच नाही. जेवणाच्या लायनीत हुबळीच्या एका पोरानं सांगितलं, आणि मग आम्ही घरी जाऊन शोधलं. कर्नाटक सरकारच्या एलिव्हेट या स्टार्टअप योजनेत ५० लाखांपर्यंत ग्रँट मिळते. केंद्रानं २०२१ मध्ये स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना काढली होती, प्रोटोटाइप वगैरेसाठी २० लाखांपर्यंत, पण कंपनी रजिस्टर असायला हवी होती आणि ती दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नव्हती. नुसता प्रोटोटाइप करायचा असेल तर केंद्राच्याच निधी-प्रयास योजनेत १० लाखांपर्यंत. आणि हुबळीला नव्या स्टार्टअपना मदत करणारं देशपांडे स्टार्टअप्स आहेच, इथनं शंभरेक किलोमीटर, सकाळच्या बसनं जाऊन रात्री परत येता येतं. त्या पुठ्ठ्याच्या चेकच्या मागच्या बाजूला एवढं छापलं असतं तरी चाललं असतं.

भाषणात एका सरांनी असल्या स्पर्धांचा इतिहास सांगितला तो बाकी इंटरेस्टिंग होता. १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठात सुरुवात, १९९० मध्ये एमआयटी, आणि आपल्याकडं आयआयटी मुंबईची युरेका १९९८ पासून. त्याच १९९८ मध्ये अकामाई नावाची टीम एमआयटीच्या फायनलला होती, जिंकली नाही, आणि पुढच्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात आली. हे ऐकून न जिंकणाऱ्या आम्ही सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

जेवण एक नंबर, पुलाव, चपाती, वांग्याची भाजी आणि शेवटी कुंदा, तोही मागेल तेवढा. त्याला पूर्ण मार्क.

सध्या आमचं दोन शेडचं काम झालंय, तिसरं पाऊस लागायच्या आत उरकायचंय. नऊ हजारवाल्या मालकांनी पहिलं बिल दिलं, ३,५०० रुपये, रोख, वर "पावती नीट लिव्हा" म्हणून दम. आमचा खर्च फी ६००, पेट्रोल ८०० च्या आसपास, प्रिंट आणि फोल्डर २४०, आणि एक शर्ट जो आता कुठंच घालता येत नाही. पुढच्या वर्षी कुणी जाणार असेल तर लॅपटॉपची एचडीएमआय पिन स्वतःची घेऊन जा, तिथं सगळ्या टीमना मिळून एकच होती आणि ती पण धरून उभं राहावं लागत होतं.