अकलूजची सांजोवेझे, मटणाच्या रश्श्याबरोबर

आमच्याकडे शनिवारी रात्री मटण असलं की सध्या फ्राटेली कंपनीची सांजोवेझे ही रेड वाइन उघडते. सांजोवेझे हे मुळात इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष. कियांटी ही तिथली रेड वाइन बनते ती मुख्यतः याचीच. ही बाटली मात्र येते सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजहून, ऊस आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतले सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून हा उद्योग उभा केला, आणि वाइन करायला टस्कनीचेच पिएरो मासी आले.

रंग लाल, पण काळपट नाही. ग्लासामागे धरलेलं बोट दिसतं. वास आधी चेरीचा, आणि ग्लासात थोडा वेळ राहू दिली की चक्क पिकलेल्या करवंदांचा. घोट घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो आंबटपणा. मला ही वाइन आवडते ती त्यासाठीच. तुरटपणा बेताचा, हिरड्या आवळत नाही. एवढ्या उन्हाच्या मुलखात हा आंबटपणा टिकतो, कारण आपल्याकडे छाटणी पावसाळा सरताना होते आणि द्राक्षं पिकतात थंडीच्या रात्रींत. युरोपात तोडणी सप्टेंबरच्या सुमाराला, आपल्याकडे जानेवारी ते मार्च.

मैत्रिणीने आणलेली कियांटी आम्ही हिच्या शेजारी ठेवून प्यायलो. तिच्यात मातीचा, सुक्या पानांचा वास जास्त, तुरटपणाही जास्त. अकलूजची मऊ, फळाकडे झुकलेली. नुसती गप्पा मारत प्यायची असेल तर मी कियांटीच घेईन. पण काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर कियांटीचा तुरटपणा तिखट आणखी चढवतो. अकलूजची तवंगाचं तेल जिभेवरून साफ करते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. शेंगांच्या चटणीबरोबर मात्र नको, त्या कोरड्या तिखटापुढे तिचं काही चालत नाही.

रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी हे थंड देशांतल्या खोल्यांसाठी ठीक. पुण्याच्या एप्रिलमध्ये बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच. विकत घेताना शोकेसमधली नको, आतली द्या म्हणून सांगा. एका दुकानातून आणलेली बाटली बहुधा उन्हात उभी राहिलेली असावी. चव पार शिजलेल्या फळाची होती. मला ही वाइन हजाराच्या आतबाहेर पडते. उरली तर घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. रविवारी दुपारी चांगली लागते, सोमवारी नाही.