कुस्तीवीरांची ट्रंप कार्डे : खेळ म्हणून चांगली, मोजपट्टी म्हणून अपुरी

सीताबर्डीतील एका खेळण्यांच्या दुकानातून डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-मनोरंजन कंपनीच्या मल्लांच्या ट्रंप कार्डांचा एक संच भाच्यासाठी विकत घेतला. डबीवर अधिकृत परवान्याचा उल्लेख कोठेही नाही, आणि आपल्याकडील अशा संचांची परंपरा पाहता तो असावा, अशी अपेक्षाही कोणी करत नाही. किंमत शंभर रुपयांच्या आत आहे. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात मुलांना घराबाहेर सोडण्याची सोय नसते; कूलरसमोर बसून तासन्‌तास चालणारा, मोबाईलची गरज नसलेला आणि भांडणाला पुरेसा वाव देणारा खेळ या किमतीत मिळत असेल, तर पालकांची तक्रार असू नये.

खेळ अनेकांना ठाऊक असेल. प्रत्येक पत्त्यावर एका मल्लाचे छायाचित्र आणि त्याखाली क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड, एकूण लढती आणि जिंकलेल्या लढती असे रकाने असतात. ज्याची पाळी असेल त्याने एक रकाना पुकारायचा. ज्याच्या पत्त्यावरील आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. क्रमांकाच्या बाबतीत मात्र लहान आकडा सरस ठरतो. छपाई समाधानकारक आहे, कागद पातळ आहे आणि कडा लवकर मऊ पडतात. नियमांचा कागद केवळ इंग्रजीत असून ‘घरी करून पाहू नका’ ही सूचना डबीवर नाही, ही खरी उणीव आहे. गादीवर एकमेकांना आपटणारी मुले घरोघरी असतात, त्यामुळे ती सूचना पालकांनीच तोंडी द्यावी.

खेळ म्हणून संच उत्तम आहे, हे मान्य करूनही एक आक्षेप उरतो, आणि तो याच संचापुरता नाही. पहिल्या क्रमांकाचा पत्ता ज्याच्या हाती आला तो स्वतःला अजिंक्य समजतो, आणि थोर मल्ल म्हणजे ज्याचे सगळे आकडे मोठे तो, अशी समजूत मुलांच्या मनात कायमची बसते. मोठेपणी हीच समजूत अजिंक्यपदांच्या संख्येच्या रूपाने वाद घालत राहते. प्रत्यक्षात या व्यवसायात थोरवी ज्या गोष्टीने ठरते, तिच्यासाठी पत्त्यावर रकानाच नाही. आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला मोठे करण्याची ताकद म्हणजे ती गोष्ट.

‘जिंकलेल्या लढती’ हा रकाना प्रथम विचारात घ्यावा. या कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असतात, हे आता गुपित राहिलेले नाही. 1989 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कंपनीनेच आपला कार्यक्रम हा मनोरंजनाचा प्रकार असल्याचे सांगितले होते. निकाल ठरवणारा वेगळा असेल, तर जिंकलेल्या लढतींच्या संख्येतून मल्लाचे कौशल्य कळत नाही. व्यवस्थापनाची त्याच्यावर किती मर्जी होती एवढेच कळते. लाल मातीतील निकाली कुस्ती पाहत वाढलेली आमच्याकडील वडीलधारी मंडळी याच कारणाने या प्रकाराला खोटा म्हणून मोडीत काढतात, आणि चितपटीच्या मोजमापाने पाहिले तर त्यांचे म्हणणे चूक नाही. परंतु मोजमापच निराळे लावावे लागते. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकात खलनायकाने मार नीट खाल्ला नाही, तर नायकाचा दरारा उभा राहत नाही, आणि रात्रभर जागलेला प्रेक्षक ते लगेच ओळखतो. कुस्तीच्या रिंगणातील प्रेक्षकही तितकाच जाणकार असतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण 23 मार्च 1997 रोजी शिकागोजवळ झालेल्या रेसलमेनिया 13 मध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात सापडते. ब्रेट हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला शार्पशूटरच्या पेचात अडकवले. ऑस्टिनचा चेहरा रक्ताने माखलेला होता, तरी त्याने हार मानली नाही. शेवटी तो शुद्ध हरपून पडला आणि पंच केन शॅमरॉकने लढत थांबवली. पत्त्यावरील हिशेबाने हार्टच्या नावे एक विजय जमा झाला. प्रत्यक्षात लढतीच्या आरंभी प्रेक्षकांचा आवडता असलेला हार्ट शेवटी नावडता ठरला आणि दुष्ट म्हणून उतरलेला ऑस्टिन लोकांचा नायक होऊन बाहेर पडला. त्या एका पराभवातून पुढील काही वर्षांचा सर्वांत मोठा मल्ल उभा राहिला. त्याचे श्रेय दोघांचे आहे, आणि माझ्या मते हार्टचे काकणभर अधिक, कारण स्वतःची लोकप्रियता पणाला लावून समोरच्याला मोठे होऊ देणे हे मार खाण्याहून अवघड असते.

वजनाच्या रकान्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. आंद्रे द जायंटची उंची 7 फूट 4 इंच आणि वजन 520 पौंड, म्हणजे सुमारे 236 किलो, असे प्रचारात सांगितले जात असे. हा पत्ता हाती आलेला खेळाडू डोळे मिटून ‘वजन’ पुकारतो. परंतु 29 मार्च 1987 रोजी पाँटियाकच्या सिल्व्हरडोममध्ये हल्क होगनने आंद्रेला उचलून आपटले, तेव्हाच त्या वजनाला खरी किंमत आली. त्यापूर्वी आंद्रेच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती, आणि असा देह स्वतः साथ दिल्याखेरीज कोणी उचलू शकत नाही. इतकी वर्षे सांभाळलेला दबदबा त्याने एका रात्रीत होगनच्या हवाली केला. पुढे 1993 मध्ये हॉल ऑफ फेमचा, म्हणजे कंपनीच्या सन्मान-यादीचा पहिला मानकरी म्हणून त्याची निवड झाली.

याउलट रे मिस्टेरिओचा पत्ता आमच्या लहानपणी रद्दी समजला जाई, आणि या संचातही त्याची तीच गत आहे. उंची 5 फूट 6 इंच, वजन 175 पौंड. कोणताही रकाना पुकारा, पत्ता जाणारच. हाच मल्ल 2006 च्या रॉयल रंबलमध्ये, म्हणजे मल्ल एकामागून एक उतरत जातात त्या झुंजीत, दुसऱ्या क्रमांकावर उतरला, तासाभराहून अधिक काळ टिकला आणि 30 जणांत शेवटचा उरला. खली हा आपला माणूस म्हणून 2007 मध्ये त्याने जागतिक अजिंक्यपद मिळवले तेव्हा आम्हालाही अभिमान वाटला होता, आणि भारतीय प्रेक्षकाला या खेळाशी जोडण्याचे त्याचे काम नाकारता येत नाही; तरीही त्याच्या हालचाली इतक्या मर्यादित होत्या की समोरच्यालाच दोघांचे काम करावे लागे. पत्त्यांच्या डावात मात्र खलीपुढे मिस्टेरिओची डाळ शिजत नाही.

अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झाला आहे, असे एकेकाळी शाळेतील प्रत्येक मुलगा शपथेवर सांगत असे. 1990 साली आलेल्या या पात्राभोवती इतके गूढ तीन दशके टिकवणे हीच मोठी कारागिरी आहे. रेसलमेनियातील सलग 21 विजयांची त्याची मालिका 2014 मध्ये ब्रॉक लेसनरने खंडित केली, तेव्हा प्रेक्षागारातील हजारो लोक अवाक झालेले दिसले. ती मालिका मोडायलाच नको होती, असे मानणाऱ्यांचा पक्ष अजून मोठा आहे. मी त्या पक्षात नाही. कोणालाच न देता जपून ठेवलेल्या कीर्तीचा या व्यवसायाला उपयोग नसतो. जाताना हरून जावे, हा येथील जुना रिवाज आहे. रिक फ्लेअरने 2008 मध्ये शॉन मायकल्सकडून हरून तो पाळला, जरी पुढे तो पुन्हा रिंगणात उतरला आणि त्या निरोपाची धार थोडी बोथट झाली. 17 जागतिक अजिंक्यपदे मिळवणाऱ्या जॉन सीनाने डिसेंबर 2025 मधील आपल्या शेवटच्या लढतीत गुंथरपुढे हाताने थाप मारून हार मान्य केली. अनेक चाहते त्यावर संतापले, पण मला तो निर्णय त्याच्या अजिंक्यपदांहून मोलाचा वाटतो.

संचात दारासिंग नाही, ही उणीव मात्र अक्षम्य म्हणावी लागेल. 1968 मध्ये मुंबईत नामांकित अमेरिकी मल्ल लू थेझला हरवणारा आणि 2018 मध्ये मरणोत्तर हॉल ऑफ फेममध्ये गेलेला हा मल्ल भारतात छापलेल्या पत्त्यांवर नसावा, याचे कारण बहुधा एवढेच की त्याचे रंगीत छायाचित्र सहज उतरवून घेता येत नाही.

एकंदरीत आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हा संच घेण्यास हरकत नाही. आकडे वाचण्याचा सराव होतो आणि पुढच्या सुट्टीपर्यंत पत्ते टिकावेत असे वाटत असेल, तर ते लॅमिनेट करून घ्यावेत. जुन्या चाहत्यांनी स्वतःसाठी घ्यायचा असल्यास दुकानदाराला आधी डबी उघडून दाखवायला सांगावे, कारण आमच्या संचात एकाच मल्लाचे दोन पत्ते निघाले आणि त्यांवरील दंडाचे माप वेगवेगळे होते.