रोलाय इन्फ्रारेड ४०० आणि बोअरचे पाणी

कोडॅकची एचआयई ही फिल्म २००७ मध्ये बंद झाल्यापासून कृष्णधवल इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातल्या छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांपुढे फारच थोडे पर्याय उरले आहेत. इलफर्डच्या एसएफएक्स २०० ची संवेदनक्षमता ७४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या आसपास संपते, तर रोलाय इन्फ्रारेड ४०० साधारण ८२० पर्यंत पोहोचते. हा फरक किती मोठा आहे, हे देवगिरीच्या पायथ्याची सीताफळाची झाडे टिपली तेव्हा मला समजले.

७२० नॅनोमीटरचा गडद फिल्टर लावला की चारशेची ही फिल्म ६ ते १२ आयएसओची, म्हणजे उजेडाला फारच मंद, होऊन बसते, त्यामुळे भर उन्हातही ट्रायपॉडला पर्याय नाही. तिचा पॉलिस्टरचा बेस पारदर्शक असून बाहेर राहिलेल्या टोकातून उजेड थेट आतल्या वेढ्यांपर्यंत जातो. मी पहिला रोल अंगणात उभा राहून कॅमेऱ्यात भरला आणि सुरुवातीच्या चार चित्रांवर धुके आले. तेव्हापासून रोल भरणे आणि काढणे, दोन्ही आतल्या अंधाऱ्या खोलीतच करतो. डेव्हलपिंगच्या टाकीसाठी फिल्म रिळावर चढवताना डार्करूमचा लाल दिवाही बंदच हवा.

खरी कसोटी धुताना लागते. डी-७६ या डेव्हलपरसाठी २० अंशांचे पाणी लागते आणि आमच्याकडे वैशाखात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. आदल्या रात्री माठात भरून ठेवलेले पाणी आणि टबात पिशवीत बांधलेला बर्फ, एवढ्यावर तापमान आवरते; तरीही मी आता हे काम दिवाळीनंतरच काढतो, कारण पावसाने धुतलेले आकाश आणि भरलेली पाने हीसुद्धा त्याच दिवसांत मिळतात.

त्याहून मोठी अडचण बोअरच्या जड पाण्याची आहे. सुकलेल्या फिल्मवर क्षारांचे पांढुरके ठिपके राहतात. साध्या फिल्मवर ते चित्राच्या तपशिलात लपून जातात, पण इन्फ्रारेडच्या निगेटिव्हमध्ये पाने काळीकुट्ट आणि आकाश काचेसारखे स्वच्छ उतरते, आणि प्रिंट काढताना त्या स्वच्छ भागातला प्रत्येक ठिपका काळ्या आकाशात पांढरा होऊन उठतो. माझी किल्ल्याची दोन उत्तम चित्रे अशीच वाया गेली. आता हायपोनंतरची, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणानंतरची धुलाई बोअरच्या पाण्याने झाली, तरी शेवटचे पाणी डिस्टिल्ड वॉटरचेच असते. त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे फिल्मवर पाण्याचे थेंब साचू न देणाऱ्या द्रावणाचे, दोन-तीन थेंब टाकतो आणि फिल्म मोरीतच टांगतो, कारण तिथे फरशी ओली असते आणि धूळ उडत नाही.

फिल्म महाग आहे आणि चुकीला फारसा वाव देत नाही, तरीही मी ती पुन्हा मागवली आहे. तटबंदीचा बेसॉल्ट आपला काळेपणा राखतो आणि त्याच्या फटीतून उगवलेले पिंपळाचे रोप चांदीसारखे पांढरे दिसते. दुसऱ्या कोणत्याही फिल्मवर मला ते तसे मिळालेले नाही.