उजव्या क्लिकमध्ये स्वतःची स्क्रिप्ट: नॉटिलस, नेमो की थुनार?

सांगलीत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात दोन कामं दिवसभर फिरून फिरून येतात. फोटो ५० केबीच्या आत बसवायचा, आणि सातबारा, आधार, दाखला असं सगळं एका पीडीएफमध्ये जोडायचं. त्यासाठी दर वेळी एखादी वेबसाइट उघडून गिऱ्हाइकाचं आधार तिथं चढवलं जातं, हे मला अजिबात पटत नाही. मशीनवर लिनक्स असेल तर फोटोला इमेजमॅजिक आणि जोडायला पॉपलर या पॅकेजमधलं पीडीएफयुनाइट, असे दोन छोटे प्रोग्रॅम पुरतात. कागद दुकानाबाहेर जातच नाही. राहतं ते एवढंच, की ही कामं उजव्या क्लिकच्या मेनूत आणायची कशी. ते तुमच्याकडे कुठला फाइल मॅनेजर, म्हणजे फोल्डर आणि फाइल्स दाखवणारा प्रोग्रॅम, आहे यावर ठरतं.

उबंटू या लिनक्सवर नॉटिलस हा फाइल मॅनेजर असतो. होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'लोकल' फोल्डरमध्ये शेअर, त्यात नॉटिलस, त्यात स्क्रिप्ट्स. इथं स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेली फाइल, टाकायची, तिला चालवण्याची परवानगी द्यायची, की मेनूत 'स्क्रिप्ट्स' दिसू लागतं. याहून सोपं काही नाही. आत फोल्डर केले तर त्यांचे उपमेनूही होतात. पण ही यादी निवड करत नाही: पीडीएफ असो की गाणं, सगळ्या स्क्रिप्ट्स समोर येतात. स्वतःपुरतं वापरणाऱ्याला ते चालतं. काउंटरवर नवीन पोरगं बसवलं असेल तर ते चुकीच्या नावावर क्लिक करणारच.

लिनक्स मिंटच्या नेमोत स्क्रिप्ट्सचा असाच फोल्डर आहे, पण त्याची खरी ताकद 'अ‍ॅक्शन्स'मध्ये आहे. प्रत्येक कामासाठी एक छोटी मजकूर फाइल लिहायची: मेनूत दिसणारं नाव, चालवायची आज्ञा, कुठल्या प्रकारच्या फाइलवर दिसावं आणि किती फाइल्स निवडल्यावर दिसावं. नाव मराठीत द्या, 'पीडीएफ जोडा'. फक्त पीडीएफवर आणि एकाहून जास्त निवडल्या तरच दिसेल असं सांगता येतं, म्हणजे एकट्या फाइलवर ते नाव उगवतच नाही. लागणारा प्रोग्रॅम मशीनवर नसेल तर अ‍ॅक्शन लपून राहावी, हीसुद्धा सोय आहे. दुकानासाठी मी हाच निवडेन. फाइल लिहायला अर्धा तास जातो, पण नंतर कुणाला काही शिकवावं लागत नाही.

एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवरचा थुनार जुन्या, कमी रॅमच्या मशीनवर बरा. इथं फाइल लिहायची गरजच नाही. 'एडिट' मेनूतल्या 'कॉन्फिगर कस्टम अ‍ॅक्शन्स'मध्ये खिडकी उघडते, तिथं नाव आणि आज्ञा भरायची. दुसऱ्या टॅबमध्ये कुठल्या फाइल्सवर दिसावं ते टिक करायचं. पीडीएफ 'इतर फाइल्स'मध्ये मोडते, ती टिक करायची राहून गेली तर मेनूत काहीच येत नाही. टक्क्याच्या चिन्हापुढं छोटा एफ म्हणजे एकच फाइल, कॅपिटल एफ म्हणजे निवडलेल्या सगळ्या. जोडणीला कॅपिटलच हवा. शिवाय सगळ्या अ‍ॅक्शन्स एकाच फाइलमध्ये साठतात, त्यामुळं दुसऱ्या काउंटरच्या मशीनवर तेवढी एक फाइल नेली की झालं.

केडीई डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्येही हे जमतं, पण फक्त यासाठी तिकडं वळू नका.

कुठलाही घेतलात तरी तीन गोष्टी सांभाळा. आपल्याकडं फाइलची नावं 'पाटील काका सातबारा' अशी असतात. स्क्रिप्टमध्ये फाइलचं नाव अवतरणचिन्हांत घेतलं नाही, तर मोकळ्या जागेवर तुटून एकाच्या तीन फाइल्स समजल्या जातात. दुसरं म्हणजे मूळ फाइलवर कधी लिहू नका. निकाल नव्या नावानं, त्याच फोल्डरमध्ये ठेवा. तिसरं, काम झालं की झेनिटी या संदेश दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं छोटी खिडकी दाखवा, नाहीतर काही घडलं की नाही ते कळत नाही आणि माणूस पुन्हा क्लिक करत राहतो.