घरी येऊन ब्लड घेणारी आमच्या एरियातली लॅब : रविवार सोडून ठीक

तीन स्टार. त्यातले दोन सँपल घ्यायला येणाऱ्या ताईंचे.

दादाला स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापीन चालू आहे. आधीच्या दोन औषधांनी काही फरक पडला नव्हता, ह्याने पडला, आता स्वतःचा चहा स्वतः करून घेतो. पण ह्या गोळीने क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी धाडकन खाली येतात, शंभरात एकालाही होत नाही, पण झालं तर साधं इन्फेक्शनही जिवावर बेततं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये माणसं दगावली होती, नंतर रक्त तपासत राहायच्या अटीवरच गोळी परत वापरात आली. म्हणून आम्हाला पहिले १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट.

ताई सातला म्हणजे सातला. दादा सुईला घाबरतो, त्या क्रिकेटचं काहीतरी काढतात आणि तो रोहितवर चिडून बोलत असतानाच सँपल घेऊन मोकळ्या.

रिपोर्ट दुपारी व्हॉट्सॲपवर येतो, पण न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नुसते टक्क्यात. डॉक्टरांना एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा लागतो, तो आपणच काढत बसायचा, टोटल पांढऱ्या पेशी ५२०० आणि न्यूट्रोफिल ५८ टक्के म्हणजे ३०१६. आमचे डॉक्टर म्हणालेत १५०० च्या खाली दिसला तर गोळी न देता आधी फोन करा. लॅबला तीनदा सांगितलं एएनसी छापा, "सिस्टीममध्ये नाहीये सर".

नवव्या आठवड्यात रविवारी दादाला १०१ ताप, घसा दुखतोय. ह्या गोळीवर असं झालं की त्याच दिवशी सीबीसी, उद्यावर ढकलायचं नाही हे आम्हाला पाठ. लॅबला फोन केला तर, "व्हायरल चालूये सर सगळीकडे, उद्या पाठवतो माणूस". अहो मी निदान विचारलं का तुम्हाला? शेवटी रिक्षाने हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलो, दोन तास बसलो, आईच्या हातातल्या चहावर साय धरली तरी तिने घोट घेतला नाही. एएनसी ४१०० आला, घसा साधाच निघाला.

लॅबचा संबंध नाही पण सांगतो, डॉक्टर दर वेळी आधी विचारतात पोट साफ होतं का, मला हसू यायचं, मग कळलं ह्या गोळीने आतडं पार थंड पडू शकतं आणि त्यानेही माणूस जातो.

आता दर पंधरा दिवसांनी टेस्ट आहे, लॅब हीच ठेवलीय, ताईंमुळे. एएनसी छापायला लागले की चौथा स्टार देतो.